जनूदादाचं ताट

"अंग सैल सोड गं! ओंडक्यासारखी ताठ काय झालीस?" जनूदादा ओरडला. त्याचा तळहात माझ्या पाठीखाली होता आणि माझ्या नाकातोंडात खारं पाणी.

"बुडेन ना मी!"

"कंबरभर पाण्यात? बुड, बुड. गावात नाव निघेल तुझं. सोड म्हणतो ना!"

मी सोडलं. कसं सोडलं देव जाणे. पण पुढच्या क्षणी, अडतीस वर्षांची मी, हायस्कुलात भूगोल शिकवणारी वत्सलाबाई, भावजयीचा फुलाफुलांचा झगा अंगात घालून कॅरिबियन समुद्रात उताणी तरंगत होते. कानात पाण्याचा गुळगुळ आवाज, वर निळंशार आभाळ, आणि पाठीखालचा हात कधी निघून गेला ते मला कळलंसुद्धा नाही. कळलं तेव्हा हसूच फुटलं. हसले तशी बुडाले. जनूदादानं दंडाला धरून उभं केलं आणि तोही खदाखदा हसला. पंधरा वर्षांनी मी त्याचं हसणं ऐकत होते.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली. आता माझी पंचाहत्तरी उलटली. गुडघे गेले, नावं विसरते, काल भाजीत मीठ दोनदा घातलं. पण त्या बेटावरचे चौदा दिवस मी विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाहीत. अजून दुपारी एकच्या सुमारास कुठं ताटाला चमचा लागला की माझ्या अंगावर काटा येतो. का येतो, तेच सांगायला बसलेय.

जनूदादा माझा सख्खा थोरला भाऊ. जनार्दन. आमचे आबा गुहागरकडचे याज्ञिक, दहा गावांची श्राद्धपक्षं त्यांच्याकडे. जनूदादा सोळा वर्षांचा होईपर्यंत त्यांच्याजवळ बसून सगळं शिकला. पोथी बंद करून म्हणायचा. आबांना वाटे, आता आपण सुटलो, गादीला माणूस झाला. आणि हा पठ्ठ्या एक दिवस मुंबईला गेला, जहाजावर इंजिनात लागला. तेही आबांनी गिळलं. पण चौऱ्याहत्तर साली त्यानं त्या बेटावर जहाज सोडलं, आयोलाशी लग्न केलं, आणि दोघांचा फोटो घरी पाठवला. फोटो आबांनी पाहिला, तो पाटावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "या घरात त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही."

नाही घेतलं. आई त्याची पत्रं माझ्या शाळेच्या पत्त्यावर मागवायची. मी ती मधल्या सुट्टीत वाचून पाठ करायची आणि संध्याकाळी विहिरीवर आईला म्हणून दाखवायची.

सत्त्याऐंशीत आबा गेले. आईचं हृदय आधीच थकलेलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पावसाळा काढतील, पुढचं सांगता येत नाही. जनूदादानं मला तिकीट पाठवलं होतं, बेट बघायला ये म्हणून. आईनं मला खाटेजवळ बसवलं.

"वत्सू, दोन गोष्टी नीट ऐक. त्याला घेऊन ये. मला एकदा बघू दे. हात जोडून सांग हवं तर."

"आणि दुसरी?"

"ह्यांनी केलं ते त्याला कळू देऊ नकोस. ते कळलं तर तो आपली पायरी चढायचा नाही."

आबांनी केलं होतं ते असं. पंचाहत्तर सालच्या वैशाखात त्यांनी जिवंत मुलाचं घटश्राद्ध घातलं. अंगणात पाण्यानं भरलेलं मडकं ठेवलं, ते पायानं उलथून फोडलं, पाणी दक्षिणेकडे वाहून गेलं आणि आम्ही सगळ्यांनी सुतकाच्या आंघोळी केल्या. म्हणजे आमच्या दृष्टीनं जनूदादा त्या दिवशी मेला. त्या वेळी तो तिकडं मजेत नारळाच्या झाडाखाली होड्या बांधत होता.

तेव्हा मी गेले ती ही दोन ओझी घेऊन. मुंबई, लंडन, बार्बाडोस, मग एक खेळण्यातलं वाटावं असं विमान आणि शेवटी टपालाची बोट. बेटाचं नाव सांगत बसत नाही. नकाशात शोधायला गेलात तर वाटेल, माशी बसून गेली. पण काय सांगू तुम्हाला त्या बेटाचं! लाल माती, डोंगरावर जायफळाची झाडं, रस्त्यावरून जाताना ओळख असो-नसो प्रत्येकजण 'गुड मॉर्निंग' म्हणणारच, आणि तुम्ही उलट म्हणाला नाहीत तर म्हातारी माणसं थांबून रागानं बघणार. जणू आमच्याच कोकणाचा एखादा तुकडा उचलून कुणी दूर नेऊन ठेवलाय, फक्त तिथं बिनलग्नाची म्हणून माझ्याकडे डोळे वटारून बघणारं कुणी नव्हतं.

सकाळी समुद्र. मग जनूदादा नीरफणसाच्या कापा तळायचा, अगदी आई करते तशा, तांदळाचं पीठ लावून. आयोला कपाळाला हात लावायची. "आम्ही इथं नीरफणस चुलीत भाजतो, नारळाच्या दुधात शिजवतो. हा एकटा त्याची भजी करतो!" ती इंग्रजीतच बोलायची; मी इथं माझ्या मराठीत सांगतेय. धिप्पाड, काळीभोर, हसली की अख्खी हलणारी बाई. मला 'सिस्टर' म्हणायची आणि मी शाकाहारी म्हणून माझ्यासाठी वेगळी कढई वेगळ्या खुंटीला टांगायची. पहिल्याच दिवशी मला ती आवडली आणि आबांचा मला पहिल्यांदा राग आला.

दुपारी सगळं बेट झोपायचं. आंब्याखाली झोळी बांधलेली, तिच्यात मी पडायची. हाताशी आंबे. कोणी म्हणत नव्हतं, बाई, वह्या तपासा. बाई, लग्नाचं काय झालं. मी आयुष्यात तेवढी सुखी कधीच नव्हते, आधीही नाही आणि नंतर तर नाहीच.

आणि रोज झोळीत पडल्यापडल्या मी म्हणायची, आज संध्याकाळी आईचं काढते. संध्याकाळी जनूदादा होडीवरून यायचा, अंगाला लाकडाचा भुसा, तोंडात शीळ, आणि मी म्हणायची, उद्या. त्याला आईचं सांगितलं की हे सगळं संपणार होतं. मग सामान, धावपळ, रडारड. आई तिकडं खाटेवर दिवस मोजतेय हे मला ठाऊक होतं. तरी मी 'उद्या' म्हणत होते. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं.

त्यानं एकदा विचारलं होतं. मी झोळीत, तो खाली वाळूवर बसून आंब्याची कोय चोखत.

"आई कशी आहे गं?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे?"

"वयाच्या मानानं बरी."

तो कोय उलटीपालटी करून बघत राहिला. "आबा शेवटी काही बोलले?"

"वाचा गेली होती त्यांची."

"त्याआधी? माझं काही?"

"तुझं नाव घरात घेत नसत, दादा. तुला माहीतच आहे."

"हो. माहीत आहे," तो म्हणाला, आणि उठून कोय दूर समुद्रात भिरकावली.

त्यांच्या खोलीतच मला झोपायला दिलं होतं. कपाटावर एक तपकिरी कातडी बॅग होती, जहाजावरच्या दिवसांतली, धुळीनं माखलेली. मी आयोलाला म्हटलं, पुसून ठेवू का? ती म्हणाली, "राहू दे. तो हात लावू देत नाही. म्हणतो, लागेल एक दिवस."

बाराव्या दिवशी होडी पाण्यात उतरायची होती. वर्षभर जनूदादा आणि आणखी दोघे सुतार ती बांधत होते. पांढरा देवदार, तीस फूट लांब, आणि पुढच्या बाजूला नावावर फडकं बांधलेलं. त्या बेटावर होडी उतरवणं म्हणजे लग्नकार्यच. सकाळपासून गाव लोटलं होतं. बायका मोठमोठ्या हंड्यांत मक्याचं पीठ ढवळत होत्या, ढोल वाजत होते, मुलं वाळूत लोळत होती.

आणि तिथली एक रीत. कार्य कुठलंही असो, आधी पूर्वजांना जेवायला घालायचं. घराच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर अंथरायची, स्वयंपाकातलं प्रत्येक पक्वान्न थोडं थोडं एका ताटात वाढायचं, पाण्याचा पेला ठेवायचा, आणि दार ओढून घ्यायचं. ते पूर्वजांचं ताट. त्याला जिवंत माणसानं शिवायचं नाही. मग बाहेर जमिनीवर पाणी शिंपडत घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं हाक मारायची, की या, जेवा. मी तर बघतच राहिले. म्हटलं, अहो, ही तर आमची सर्वपित्री! समुद्राच्या या टोकालाही मेलेली माणसं उपाशी राहतात म्हणायची.

आयोलाची मावशी ऑगस्टा हे सगळं करायची. ऐंशीची, वाळलेली, डोक्याला पांढरा रुमाल. तिनं पितळेचा तांब्या घेतला आणि आयोलाच्या घरची नावं घेतली. प्रत्येक नावाला पाण्याची धार. सगळी नावं झाल्यावर ती जनूदादाकडे वळली.

"आता तुझ्याकडची. चौदा वर्षं या घरात आहेस, एकदाही घेतली नाहीस. होडी तुझी आहे."

जनूदादानं नाही म्हणून मान हलवली. मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाला, "वत्सू, तू घे. आबांचं घ्यायचं आहे."

"मी कशी घेऊ? आपल्यात बायकांना अधिकार नाही याचा."

"मला तरी कुठं आहे? टाकलाय त्यांनी मला. माझ्या हातचं पाणी त्यांना चालायचं नाही. तुझं चालेल. एवढं कर माझ्यासाठी."

त्याचे डोळे भरले होते. मी तांब्या घेतला. ऑगस्टामावशीनं माझं मनगट धरलं आणि बजावलं, "जे गेले त्यांचीच नावं. जिवंत माणसाचं चुकूनही नाही. इथं हाक मारली की येणारा त्या खोलीत येतो, लक्षात ठेव."

मी मान डोलावली. भर बाराचं ऊन. पायाखालची वाळू पोळत होती. ढोल थांबले होते.

मला स्वतःचं असं काही येत नव्हतं. लहानपणापासून दर भाद्रपदात आबांच्या उजव्या अंगाला बसून तीळ-दर्भ पुढे सरकवायचं काम माझं. आबा पळीनं पाणी सोडत आणि नावं घेत, त्याच क्रमानं, त्याच सुरात. तेवढंच माझ्या कानांत होतं. मी डोळे मिटले, आबांचं नाव आधी जोडलं आणि पुढचं त्यांच्याच चालीवर म्हणत सुटले. विनायक. बाळकृष्ण. रघुनाथ. सरस्वती. काका गोपाळ. प्रत्येक नावाला पाण्याची धार. हात आपोआप चालत होता, जीभ आपोआप चालत होती.

"जनार्दन," मी म्हणाले, आणि पाणी सोडलं.

पाणी वाळूत मुरलं तेव्हा मी डोळे उघडले.

पंचाहत्तरपासून बारा वर्षं आबांनी शेवटचं नाव ते घेतलं होतं. बारा वर्षं मी ते ऐकून तीळ पुढे सरकवले होते. ते माझ्या कानाच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की समोर तो धडधाकट उभा असताना मी त्याला पाणी दिलं.

ऑगस्टामावशी किंचाळली. तिला सगळी नावं कुठं कळणार, पण हे एक कळलं. गावात सगळे त्याला 'जनादन' म्हणत. बायकांनी तोंडावर हात घेतले. जनूदादा हलला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"पुन्हा घे," तो म्हणाला.

"दादा, चुकले रे मी. जीभ जळो माझी."

"शेवटचं नाव पुन्हा घे, वत्सू."

"नको."

"आबा घ्यायचे?"

मी तांब्या छातीशी धरला.

"घट फोडला होता?" त्यानं विचारलं. किती शांतपणे विचारलं!

"हो."

"आणि त्यानंतर हे? दरवर्षी?"

"दर सर्वपित्रीला."

"एकही वर्ष चुकलं नाही?"

"नाही रे," मी म्हटलं आणि रडायलाच लागले. "एकही नाही."

त्यानं मान हलवली. दोनदा. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलंच नाही. माझी मान वर होईना.

ऑगस्टामावशीनं त्याचा हात धरला होता. जिवंत माणसाला चुकून हाक गेली तर उपाय एकच, ती म्हणाली. त्यानंच आत जायचं आणि ते ताट स्वतः संपवायचं. एक घास ठेवायचा नाही. म्हणजे पूर्वजांची समजूत पटते की हा आला, जेवला आणि परत गेला. नाहीतर ते न्यायला येतात.

जनूदादा आत गेला. दार ओढून घेतलं. सगळं गाव बाहेर उन्हात उभं. मी खिडकीच्या झडपेपाशी होते. फटीतून एवढंच दिसलं की त्यानं भिंतीजवळची दुसरी खुर्ची ओढून टेबलापलीकडे ठेवली, स्वतःच्या समोर, आणि मग जेवायला बसला. पत्र्याच्या ताटावर चमच्याचा आवाज येत राहिला. मधेच थांबायचा. मग पुन्हा यायचा. त्या थांबण्यात मला हुंदक्यासारखं काही ऐकू आलं. मी झडपेपासून पळाले.

मला वाटलं, मारला मी त्याला. बापानं एकदा मारला, मी दुसऱ्यांदा.

मग टेकू तोडले, होडी कुशीवर पडली, शंभर माणसांनी दोर ओढले आणि ती पाण्यात गेली. नावावरचं फडकं निघालं. मराठीत लिहिलं होतं, यशोदा. आमच्या आईचं नाव. सगळे ओरडत होते, नाचत होते. जनूदादा पाण्यात छातीपर्यंत उभा होता आणि त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. मी वाळूतले शिंपले बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, मी उद्याच्या टपालबोटीनं निघते. शाळेचं काम निघालंय. आयोला म्हणाली, "सिस्टर, अजून चार दिवस होते ना?" कुठलं शाळेचं काम मे महिन्यात? पण त्या घरात माझ्यानं श्वास घेववत नव्हता. कुठल्या तोंडानं म्हणणार होते, की दादा, आमच्या लेखी तू मेलायस, पण आई आजारी आहे, तेवढा येऊन जा? आईचे शब्द कानात होते. कळलं तर तो पायरी चढायचा नाही. मग विचारून त्याच्या जखमेवर मीठ कशाला चोळा? असं मी मनाला समजावलं. खरं सांगायचं तर त्याच्या तोंडून 'नाही' ऐकायची माझी छाती नव्हती.

धक्क्यावर तो मला पोचवायला आला. पांढरा इस्त्रीचा सदरा, पायांत बूट. त्या बेटावर मी त्याला पहिल्यांदा बुटांत पाहिलं. हातात ती तपकिरी बॅग, पुसून लख्ख केलेली. त्यानं ती उघडून जायफळांची एक पुरचुंडी काढून मला दिली.

"आईला दे. दुधात घालून देत जा. झोप लागेल."

"देईन."

त्यानं बॅग बंद केली. ती अजून फुगलेलीच होती. मला वाटलं, आणखी काही द्यायचं असेल.

"वत्सू, आणखी काही सांगायचंय?"

"नाही रे."

"आईचा काही निरोप?"

"तुला आशीर्वाद सांगितलेत."

"एवढंच?"

आता वाटतं, एक शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो?

"एवढंच," मी म्हटलं.

बोटीचा भोंगा झाला. मी चढले. धक्का दूर जायला लागला तरी तो तिथंच उभा. हात हलवला नाही, कारण बॅग त्या हातात होती. मी बघत राहिले, तो खडूएवढा झाला, ठिपक्याएवढा झाला. बॅग खाली ठेवली नाही त्यानं.

आईला मी सांगितलं, पावसाळ्यानंतर येतो म्हणालाय. तिनं विचारलं, "कळलं नाही ना त्याला?" मी म्हटलं, नाही. दोन्ही खोटं. ती दिवाळीपर्यंत दर टपालाला दाराकडे बघायची. मार्गशीर्षात गेली. मी त्याला तार केली. त्याचं उत्तर आलं, तीन ओळींचं. मी परतल्यापासून शाळेच्या पत्त्यावर त्याची पत्रं येत होती, ती मी उघडलीसुद्धा नाहीत. वाटायचं, आत दोषच असणार. ट्रंकेत टाकत गेले. मग तीही थांबली.

दोन हजार नऊ साली आयोलाचं पत्र आलं. जनूदादा गेला होता, झोळीत, दुपारचा. तिनं पुढं लिहिलं होतं ते मी अनेकदा वाचलंय, तेवढं सांगते.

"सिस्टर, त्या दिवशी तो खोलीतून बाहेर आला तेव्हा रडत होता, पण मी त्याला इतका आनंदात कधी पाहिला नव्हता. मला म्हणाला, माझ्या बापानं कायदा मोडला. मडकं फोडल्यावर त्या माणसाला पाणी द्यायचं नसतं, त्याचं नावही घ्यायचं नसतं, हे मला त्यानंच शिकवलं. दहा गावांना कायदा सांगणारा माणूस बारा वर्षं चोरून मला जेवायला घालत होता. घरात माझं नाव घ्यायला त्याला दुसरी जागा नव्हती. मग त्यानं ती बॅग काढली. पासपोर्ट सदऱ्याच्या खिशात होता. तिकीट बार्बाडोसला काढणार होता. मी म्हटलं, बहिणीला सांग की मी येतो. तो म्हणाला, आमच्यात टाकलेल्या माणसानं आपण होऊन पायरी चढायची नसते. घरातल्या कुणीतरी 'ये' म्हणावं लागतं. ती म्हणेल. ती त्याचसाठी आलीय, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. धक्क्यावरून तो दुपारी परत आला आणि बॅग पुन्हा कपाटावर ठेवली. मला एवढंच म्हणाला, मेलेल्यांनी बोलावलं, जिवंतांनी नाही. सिस्टर, तुझ्यावर तो कधी रागावला नाही. फक्त त्यानंतर दरवर्षी त्या ताटासाठी तो एक जागा जास्त मांडायचा."

पत्र वाचून मी ट्रंक उघडली. एकवीस वर्षं न उघडलेली सात पत्रं. पहिलं, मी निघाल्यानंतर आठ दिवसांनी लिहिलेलं. दोष कुठंच नव्हता. शेवटी एकच ओळ होती, "आईला विचारून कळव, येऊ का?" आई त्यानंतर सहा महिने होती.

काय करू सांगा. कुणापुढे कपाळ आपटू?

आता मी एकटीच असते. सर्वपित्रीला ब्राह्मण बोलवत नाही, अधिकार आहे-नाही बघत नाही. सगळं रांधते, नीरफणसाच्या कापा करते, ताट वाढते आणि नावं घेते. शेवटचं त्याचं. मग दुपारी एकच्या ठोक्याला अंगणाच्या कडेला जाते आणि समुद्राकडे तोंड करून, जिवंत माणसाला मारतात तशी, घसा फोडून हाक मारते.

"जनूदादा, घरी ये!"

गेल्या वर्षी शेजारची नवी सून धावत आली. "कोणाला हाक मारताय, आजी?"

"भावाला."

"कुठे असतात ते?"

मी सांगितलं, धक्क्यावर उभा आहे गं, हातात बॅग घेऊन. मी 'ये' म्हणायची राहिले होते.